आधी पाणी, मग बँकॉक: पुण्याहून स्कूबा शिकायला जाताना

थायलंडला जाणारे बहुतेक जण आधी बँकॉक फिरतात आणि शेवटचे दिवस बेटासाठी ठेवतात. स्कूबा करायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो, आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी असू शकतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे बसलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे सगळे ज्याला ‘डॅन’ म्हणतात, त्यांची शिफारस अशी आहे: एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एका दिवसात किंवा सलग दिवसांत एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. बेटावरून बोटीने आणि रेल्वेने बँकॉकला परत आलं की हे तास प्रवासातच सरतात आणि उरलेले दिवस शहराला देता येतात. आम्ही सगळा बेत या एका आकड्याभोवती बसवला.

शिकायला को ताओ निवडलं. थायलंडच्या आखातातलं, सुरत थानी प्रांतातलं हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. डाइव्ह शाळांची इतकी दाटी आहे की चढाओढीमुळे कोर्स स्वस्त पडतो, आणि शिकायला उथळ, शांत खाड्या आहेत. हंगाम मात्र नीट समजून घ्यावा. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला येतात. तिथला पाऊस साधारण आपल्यासारखाच, मे ते ऑक्टोबर. आखाताच्या बाजूचा जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, आणि नोव्हेंबर सगळ्यात वाईट. म्हणजे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर फुकेतपेक्षा को ताओ बरं, आणि दिवाळीच्या सुट्टीत बरोबर उलट. एप्रिलमध्ये १३ ते १५ तारखांना सोंगक्रान असतो, त्यांचं नववर्ष. त्या आठवड्यात रेल्वे, बोटी, हॉटेलं सगळं भरलेलं असतं. म्हणून एप्रिलचा शेवटचा आठवडा पकडला.

“मालवणला केलंय की स्कूबा” म्हणणारे खूप भेटतात. मालवणात पर्यटकांना देतात तो अनुभव वेगळा. तिथे टाकी, कान, वर-खाली जाणं हे सगळं गाईड सांभाळतो, आपण फक्त श्वास घ्यायचा आणि फोटोला हात हलवायचा. पाण्याची भीती आहे का, कान उघडतात का, हे तपासायला ती चांगली सोय आहे, आणि ते जवळच उरकणं शहाणपणाचं. ओपन वॉटर कोर्समध्ये, म्हणजे स्वतः डाइव्ह करायला शिकवणाऱ्या पहिल्या कोर्समध्ये, मात्र आपली टाकी आपण जोडायची असते आणि आपला दाब आपण बघायचा असतो.

कागदपत्रांची सुरुवात जानेवारीत. प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. नवा काढायचा किंवा नूतनीकरण करायचं तर पुणेकरांना मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागेल असा शिक्का टळतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची गाडी पोलीस पडताळणीपाशी अडते: नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार आणि आधारवरचा पत्ता एकच असला पाहिजे. तो जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करावा, मग अर्ज भरावा. चौकीतून फोन आला की मूळ कागद घेऊन त्याच दिवशी जाऊन यावं, नाहीतर फाईल तिथेच पडून राहते.

व्हिसाचं म्हणाल तर १५ जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी ६० दिवसांची व्हिसामाफी मिळू लागली. पण ही सवलत सरकारच्या मर्जीची आहे, मुदत आणि अटी बदलू शकतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघायचं. ट्रॅव्हल एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबायचं नाही. १ मे २०२५ पासून टीडीएसी हे डिजिटल आगमनपत्र सक्तीचं झालं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजावं. पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता लागतो. पहिली रात्र रेल्वेत जाणार असेल तर बेटावरच्या राहण्याचा पत्ता टाकावा. आलेला क्यूआर कोड फोनमध्ये ठेवून शिवाय छापून न्यावा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि थोडी रोकड इमिग्रेशनला दाखवता आली पाहिजे. सगळ्यांना विचारतात असं नाही, पण विचारलं तर तिथे वायफाय शोधत बसायची वेळ येऊ नये.

मार्चमध्ये वैद्यकीय भाग उरकला. याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. प्रत्येक डाइव्ह शाळा एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेते. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, गरोदरपण, पंचेचाळिशीनंतर धूम्रपान किंवा वाढलेलं कोलेस्टेरॉल असे प्रश्न. काही उत्तरं ‘होय’ आली की डॉक्टरांची सही असल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. ही गोष्ट बेटावर गेल्यावर कळली तर तिथल्या दवाखान्यात अर्धा दिवस आणि वर पैसे जातात. शाळेकडून प्रश्नावली आधीच मागवून घ्यावी, पुण्यातल्या आपल्या फिजिशियनकडून तपासून सही-शिक्का घ्यावा. सोबत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कानात मळ साठलाय का तेही बघायला सांगावं. मळाने कान बुजला असेल तर बाहेरच्या बाजूला हवा अडकते आणि दाब सारखा करणं कठीण जातं. खोटं ‘नाही’ लिहिण्याची सूचना कोणी केली तर ऐकू नये. दमा असलेल्याच्या फुप्फुसात वर येताना हवा अडकली तर फुप्फुस फाटू शकतं.

पोहण्याची परीक्षा भयंकर नाही. कुठल्याही पद्धतीने न थांबता २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगणं. मास्क, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणि फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) लावून करायचं असेल तर ३०० मीटर. ज्यांना जरा थांबत-थांबतच पोहता येतं त्यांनी दोन महिने आधी टिळक तलाव किंवा घराजवळचा कुठलाही तलाव गाठावा. वेग वाढवण्याच्या भानगडीत न पडता न थांबता जाण्याची सवय करावी. आणखी एक सराव पुण्यातच करून घ्यावा: स्नॉर्केल तोंडात, मास्क न लावता चेहरा पाण्यात, आणि पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास. नाकात पाणी असताना तोंडाने श्वास घेत राहणं हे एवढंच मेंदूला पटवायचं असतं. पुढे कोर्समध्ये जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा हीच.

विमा घेताना पॉलिसीचं पुस्तक खरंच उघडून वाचावं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, किंवा ‘प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली’ अशी अट असते. आपल्याला तीन गोष्टी लेखी हव्यात: स्कूबाचा समावेश आणि खोलीची मर्यादा, दाबकक्षातले म्हणजे हायपरबॅरिक चेंबरमधले उपचार, आणि बेटावरून मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च. कॉल सेंटरवरची व्यक्ती ‘हो सर, कव्हर आहे’ म्हणते. त्यावर ‘मग ई-मेल पाठवा’ एवढंच उत्तर द्यावं.

चष्मा असेल तर मास्कचा प्रश्न आधी सोडवावा. बहुतेक शाळांकडे नंबरचे मास्क असतात, पण आपला नंबर असेलच असं नाही. नंबरच्या काचा बसवलेला स्वतःचा मास्क सोबत नेणं उत्तम. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढला नाही तर मास्क धुरकट होत राहतो. झुपकेदार मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठापाशी पाणी झिरपतं. मिशी थोडी कापावी. काही जण तिथे व्हॅसलीन फासतात, पण पेट्रोलियम जेलीने मास्कचा रबर, सिलिकॉन खराब होतो. सिलिकॉन ग्रीस चालतं.

पुण्याहून बँकॉकला थेट विमान मिळतं. बहुतेक रात्रीचं, चार-साडेचार तासांचं. तारखा जुळल्या नाहीत तर मुंबई. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. तिकिटावर कुठला आहे ते आधी बघून ठेवावं. दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस गाड्या १९ जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवत या नव्या स्थानकातून सुटतात. जुने लेख वाचून लोक अजूनही हुआ लम्फोंग या जुन्या स्थानकाला जातात आणि गाडी चुकवतात. डॉन म्युआंगहून रेड लाइन थेट नव्या स्थानकात येते. सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासन, तिथून चालत फेचाबुरी मेट्रो, आणि ब्लू लाइनने बांग सू, म्हणजे नव्या स्थानकापाशीच.

रात्रीच्या गाडीने चुंफोन, साधारण ४८५ किलोमीटर. दुसऱ्या वर्गाच्या एसी स्लीपरमध्ये खालचा बर्थ वरच्यापेक्षा चांगलाच रुंद असतो, फरकाचे थोडे बाट द्यावेत. गादी, चादर कर्मचारीच घालून देतात, पडदा असतो, एसी मात्र कडक. पुण्याहून निघताना हास्यास्पद वाटलेला स्वेटर इथे कामाला येतो. पहाटे चुंफोन, स्थानकाबाहेरून बोट कंपनीची बस, धक्का, आणि सकाळची कॅटामरान. समुद्र पावणेदोन तासांच्या आसपास. रेल्वे आणि बोट यांचं जोडतिकीट घ्यावं. गाडी उशिरा आली तर अशा प्रवाशांना पुढच्या बोटीत घेतात, सुटी तिकिटं काढली असतील तर भांडत बसावं लागतं. बोट लागणाऱ्यांनी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून पुण्यातूनच न्यावी आणि घरी एकदा घेऊन बघावी. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी अ‍ॅव्होमिन झोप आणते, आणि पाण्याखाली झापड चालत नाही.

बेटावर स्कूटर फुकटात मिळाल्यासारखी मिळते. रस्ते मात्र चढउताराचे, वळणावर वाळू. भारतीय लायसन्सवर थायलंडमध्ये दुचाकी चालवायला पुण्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्यावं लागतं, आणि त्यात दुचाकीचा प्रकार नोंदवलेला हवा. परमिट नसताना पडलात तर विमा कंपनी हात वर करते. शिवाय भाड्याने देणारे पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतात. कोर्सच्या काळात गुडघा सोलून घेण्यापेक्षा साईरी किनाऱ्याजवळ शाळेपासून चालत जाता येईल अशी खोली घ्यावी. कोर्ससोबत बऱ्याच शाळा स्वस्तात खोली देतात.

आता कोर्स. पॅडी आणि एसएसआय या दोन मोठ्या संस्था, दोघांचं ओपन वॉटर कार्ड सगळीकडे चालतं. त्यामुळे संस्थेपेक्षा इन्स्ट्रक्टर कोण आणि गटात किती जण हे विचारावं. चार जणांचा गट आणि आठ जणांचा गट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण पाण्याखाली एक जण कौशल्य करत असताना बाकीचे गुडघ्यांवर बसून थंडी खात असतात. थिअरी ऑनलाइन असते. ती घरीच वाचून संपवली तर बेटावरच्या संध्याकाळी मोकळ्या राहतात. पॅडीची शेवटची परीक्षा ५० प्रश्नांची, ७५ टक्क्यांना पास.

पहिलं काम साहित्य जोडणं, आणि ते इन्स्ट्रक्टर नजरेसमोर पुन्हा-पुन्हा उलगडायला लावतो. बीसीडीचा, म्हणजे हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटचा पट्टा आधी ओला करायचा, मग टाकीवर आवळायचा. कोरडाच आवळला तर पाण्यात सैल पडून टाकी खाली घसरते. टाकीच्या व्हॉल्व्हवरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बोटाने चाचपायची. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणून देणारं साधन, बसवून झडप हळू उघडायची. मग प्रेशर गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्यायचे. प्रत्येक श्वासाला काटा खाली पडून परत वर येत असेल तर झडप पुरती उघडलेली नाही. वरवर सगळं ठीक वाटतं, पण खोलीवर हवा कमी पडायला लागते. हा काटा डोळ्यांनी बघणं हीच खरी तपासणी, ‘मी उघडलीय’ ही आठवण नव्हे.

उथळ पाण्यातला दिवस मास्कचा. आधी मास्क अर्धा पाण्याने भरून रिकामा करायचा, मग पूर्ण, मग काढून परत लावायचा. कृती साधी आहे: मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरायची, वर बघायचं आणि नाकाने सावकाश, लांब श्वास सोडायचा. हवा वर जमते आणि खालच्या कडेतून पाणी निघून जातं. बिघडतं ते दोन कारणांनी. एक, घाबरून नाकाने श्वास आत घेतला जातो. पाणी घशात जातं, ठसका लागतो आणि वर झेपावावंसं वाटतं. दोन, फुर्र करून जोरात फुंकर मारली जाते. सगळी हवा एका झटक्यात निघून जाते आणि पाणी तसंच राहतं. ठसका लागलाच तर रेग्युलेटर तोंडात घट्ट धरून त्यातूनच खोकायचं. रेग्युलेटरमधून खोकता येतं, प्रसंगी उलटीही करता येते. हे ऐकून किळस वाटते, पण ऐकल्यावर निम्मी भीती जाते. पहिल्या वेळी छाती धडधडतेच. ज्याला जमत नाही त्याला चांगले इन्स्ट्रक्टर ओरडत नाहीत, कंबरभर पाण्यात उभं करून परत करायला लावतात.

दुसरा अडथळा कान. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, पण हवेच्या आकारमानातला सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो: तिथे पोचेपर्यंत ते निम्मं झालेलं असतं. म्हणून कानाचा त्रास तीन-चार मीटरवरच सुरू होतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, म्हणजे इक्वलाइज करायचं. सुरुवात पाण्याच्या पृष्ठभागावरच करायची आणि दर अर्ध्या मीटरला परत. दुखायला लागल्यावर करून उपयोग नसतो, तोवर घशाकडून कानाकडे जाणारी नळी दाबाने मिटलेली असते. अशा वेळी एक मीटर वर यायचं, परत प्रयत्न करायचा, आणि पाय खाली ठेवून दोरी धरून उतरायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करणाऱ्या गोळीचा परिणाम पाण्याखाली संपला तर वर येताना हवा आत अडकते आणि मग धड खालीही नाही आणि वरही नाही.

पुढच्या चार डाइव्ह समुद्रात. आधीच्या दोन १२ मीटरपर्यंत, नंतरच्या दोन जास्तीत जास्त १८. बोटी सकाळी लवकर किंवा दुपारी निघतात. ट्विन्स, व्हाइट रॉक, जॅपनीज गार्डन्स, मँगो बे ही शिकाऊंची नेहमीची ठिकाणं. पाणी २८ ते ३० अंश, पातळ वेटसूट पुरतो. खुणांमध्ये आपल्या लोकांची एक हमखास गडबड होते: अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. ‘ठीक आहे’ला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल.

शिकाऊ माणसाला वजन जास्तच लावलेलं असतं, कारण खाली जाताच न येण्यापेक्षा ते इन्स्ट्रक्टरला सोयीचं. मग बुडायला नको म्हणून जॅकेटमध्ये हवा भरायची, वर आलं की ती फुगते, मग सोडायची, असा खेळ चालतो आणि हवा वाया जाते. बरोबर वजनाची चाचणी: जॅकेट रिकामं, नेहमीसारखा श्वास रोखून स्थिर राहिलं की पाणी डोळ्यांच्या पातळीवर, आणि श्वास सोडला की हळूहळू खाली. टाकी भरलेली असेल तर त्यावर दोनेक किलो वाढवायचं, कारण डाइव्ह संपेपर्यंत तेवढ्या वजनाची हवा आपण श्वासात संपवलेली असते.

हवेचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा. ११ लिटरची टाकी २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेली, म्हणजे २,२०० लिटर हवा. वर येताना ५० बार शिल्लक हवेत, म्हणजे वापरायला १,६५० लिटर. जमिनीवर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला १८ मीटरवर दाब २.८ पट असल्यामुळे ५६ लिटर लागते. झाला अर्धा तास. पॅडीच्या तक्त्याप्रमाणे १८ मीटरवरून वाटेत सक्तीचे थांबे न घेता थेट वर येता येईल अशी मर्यादा ५६ मिनिटांची आहे, म्हणजे नवशिक्याची हवा त्याच्या बरीच आधी संपते. म्हणून गेज दर दोन-तीन मिनिटांनी बघायचा आणि विचारण्याआधी इन्स्ट्रक्टरला आकडा दाखवायचा. हातांनी पोहणं बंद केलं की हवा लक्षात येईल इतकी वाचते.

वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा एकच नियम आधी आणि नंतर शंभरदा सांगतात. आतली हवा फुगत असते. वेग सावकाश, स्वतःच्या लहान बुडबुड्यांपेक्षा कमी. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. या तीन मिनिटांत तरंगत एका जागी राहता आलं तर समजावं की शिकणं झालं.

को ताओत धोका शार्कचा नाही, टायटन ट्रिगरफिशचा. मोठ्या कुत्र्याएवढा ताव दाखवणारा हा मासा घरट्यावर असताना अंगावर येतो आणि फिन्सना, कधी पायाला चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखी असते. घाबरून वर गेलं की आपण त्याच हद्दीत आणखी आत शिरतो. फिन्स त्याच्या दिशेला ठेवून आडवं सरकत निघून जायचं. बाकी ग्रूपर, बाराकुडाचे थवे, निळ्या ठिपक्यांचे रे मासे दिसतात. तिमी-शार्क म्हणजे व्हेल शार्क दिसला तर नशीब. तो हमीवर विकणाऱ्या शाळेकडे जाऊ नये. एचटीएमएस सत्ताकुत हे २०११ मध्ये मुद्दाम बुडवलेलं जहाज सुमारे ३० मीटरवर आहे, ते अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सवाल्यांसाठी.

शाकाहारी लोकांची आबाळ होत नाही. ‘जे’ म्हणून सांगितलं की मांस, मासळी आणि फिश सॉस तिन्ही टळतात; कांदा-लसूणही नसतो. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाजीत फिश सॉस येतोच.

खर्च साधारण असा बसतो, बाट पावणेतीन रुपये धरून: ओपन वॉटर कोर्स ११ ते १२ हजार बाट, म्हणजे ३० ते ३३ हजार रुपये, साहित्य आणि प्रमाणपत्र धरून. प्रमाणपत्राचे पैसे वेगळे आहेत का हे आधी लेखी विचारावं. पुणे-बँकॉक येण्या-जाण्याचं तिकीट सुट्टीत वीस-पंचवीस हजार. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क कापलं जातं, म्हणून काढायचे तर एकदाच जास्त. १०० डॉलरच्या नव्या, न दुमडलेल्या नोटांना बँकॉकमधल्या मनी चेंजरकडे चांगला दर मिळतो. बेटावर दर पडतो.

शेवटच्या डाइव्हनंतरच्या दुपारची बोट, रात्रीची गाडी, आणि सकाळी बँकॉक. इथे अंगात दुखत असेल तर मसाजवाल्यांकडे धाव घ्यायची घाई करू नये. खोल दाबाच्या मसाजने स्नायू दुखतात आणि सांधेदुखी नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे आहे की मसाजमुळे हे कळेनासं होतं. एक दिवस जाऊ द्यावा.

बँकॉक राजधानी झालं १७८२ मध्ये, पहिला राम या थाई राजाच्या काळात, आणि राजवाडाही त्याच वर्षीचा. ग्रँड पॅलेसला सकाळी साडेआठला दार उघडताना पोचावं, दहानंतर नुसती माणसांची भिंत. तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दारापाशी कोणी गोड बोलून “आज राजवाडा बंद आहे, मी दुसरं देऊळ दाखवतो” म्हणालं तर ऐकू नये. त्याची टुकटुक, म्हणजे रिक्षा, रत्नांच्या दुकानात जाऊन थांबते. आत वाट फ्रा केओच्या (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) भोवतालच्या ओवरीत रामकियन, म्हणजे त्यांचं रामायण, १७८ भित्तिचित्रांत रंगवलंय. इथे आपल्याला गाईडची गरज पडत नाही: पांढरा मारुती लगेच ओळखू येतो, लंका ओळखू येते. फक्त त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, त्यामुळे काही चित्रांपुढे घरातल्या ज्येष्ठांना स्पष्टीकरण देत बसावं लागतं. बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाकडे जायच्या घाईत ही ओवरी ओलांडतात. निदान एक तास तिला द्यावा.

तिथून चालत वाट फो, ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, आणि मग ता तियेनहून पाच बाटच्या होडीने पलीकडे वाट अरुण. चीनी मातीच्या तुकड्यांचं त्याचं काम जवळून पाहायचं असतं, लांबून फक्त राखाडी दिसतं. येण्या-जाण्याला मेट्रोचं सनम चाय स्थानक. गेटवर आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून चालतं, टोकनच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. नदीवर नारिंगी झेंड्याची बोट लोकांची, निळ्या झेंड्याची पर्यटकांची आणि महाग. धक्क्यावरचा तिकीटवाला पुढे करेल ती घेऊ नये, झेंडा बघावा.

संध्याकाळ यावरात या चायनाटाउनला. राजवाडा बांधायला जागा हवी म्हणून तिथल्या चिनी व्यापाऱ्यांना १७८२ मध्येच सांपेंगकडे हलवलं, तेव्हापासूनची ही वस्ती. वाट मंगकोन मेट्रोला उतरून आधी सांपेंगच्या अरुंद गल्लीत जावं. हातगाड्या, स्कूटर आणि माणसं एकाच वेळी जातात. दिवे लागले की मोठ्या रस्त्यावर खायला यावं. शेजारी फाहुरात म्हणजे तिथला भारतीय भाग, गुरुद्वारा आणि कापडाची दुकानं. वरण-भाताची आठवण अनावर झालेल्यांची सोय इथे होते. एप्रिलअखेरचं ऊन पुण्यापेक्षा तापमानात फार वर नाही, पण दमट. दुपारी बारा ते चार बाहेर हिंडू नये, ओआरएसची पाकिटं पुण्यातून न्यावीत.

परत आल्यावर कार्ड ई-मेलवर आलेलं असतं, लॉगबुकवर मात्र इन्स्ट्रक्टरची सही-शिक्का बेट सोडण्याआधीच घ्यावा. सहा महिन्यांत परत पाण्यात उतरलं नाही तर पुढची शाळा उजळणी करायला लावू शकते. जवळचा पर्याय मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी किंवा आपलं तारकर्ली. तिथे मात्र एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ३०० मीटरच्या वर गेलं की ती उंची डाइव्हच्या हिशोबात धरतात, आणि पुणे ५६० मीटरवर आहे, वाटेतले घाट त्याहून उंच. दिवसभर डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावू नये. किनाऱ्यावरचा मुक्काम एका रात्रीने वाढवून बुकिंग करावं.